हॅसलब्लाड अडला म्हणजे बिघडला नव्हे

फिल्मची हौस पुन्हा बोकाळल्यापासून कपाटांतले जुने कॅमेरे बाहेर पडायला लागले आहेत. कुणाला निवृत्त फोटोग्राफर काकांनी दिलेला, कुणी मुंबईत बोरा बाजारात घासाघीस करून घेतलेला, तर कुणी परदेशातल्या भावाकरवी मागवलेला हॅसलब्लाड ५०० सी/एम आता नव्या हातांत आला आहे. बहुतेकांच्या बाबतीत पुढची गोष्ट सारखीच असते. पहिल्या रोलला मजा येते, दुसऱ्या-तिसऱ्या रोलला कॅमेरा मध्येच थांबतो. बटण दाबलं जात नाही, नाहीतर लेन्स निघत नाही, नाहीतर व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख. मग घरातला सगळ्यात धीट माणूस पुढे होतो आणि ‘जरा जोर लावून’ बघतो. खरी मोडतोड होते ती इथे.

हा लेख त्या जोर लावणाऱ्या हातासाठी आहे. हॅसलब्लाड अडतो तेव्हा दहापैकी बऱ्याच वेळा त्याचं काहीही बिघडलेलं नसतं. एखादी अट पूर्ण झालेली नसते आणि ती होईपर्यंत तो हलत नाही. कोणती अट राहिली हे ओळखता आलं की निम्मी दुरुस्ती तिथेच संपली.

हा कॅमेरा म्हणजे तीन सुटे भाग : पुढे लेन्स, मध्ये बॉडी, मागे फिल्मचं मॅगझिन. आणि वरच्या बाजूला, कॅमेरा कमरेजवळ धरून खाली बघायचा व्ह्यूफाइंडर. स्वीडनच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी १९४८ मध्ये या घाटाचा पहिला कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा त्याचं शटर बॉडीत होतं आणि ते नाजूक म्हणून बदनाम झालं. १९५७ च्या ५०० सी मध्ये शटर लेन्समध्ये गेलं, आणि १९७० पासून आपल्या हातातला सी/एम आला. त्यात फोकसिंगची काच घरच्या घरी बदलता येते, बाकी आतली रचना जवळपास तीच. बॅटरी नाही, मीटर नाही, विजेचा संबंधच नाही. सगळा कारभार दांड्या, स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर. शटर लेन्समध्ये आणि ते ताणणारं हँडल बॉडीवर, या एका निर्णयामुळे कॅमेरा नावाजला गेला आणि त्याच निर्णयामुळे तो अडतोही.

उजव्या बाजूचं हँडल एक पूर्ण फेरा फिरवा आणि लक्ष देऊन ऐका. त्या एका फेऱ्यात फिल्म एक फ्रेम पुढे सरकते, वर गेलेला आरसा खाली येतो, लेन्सचं शटर ताणलं जातं आणि नंतर तुम्हाला फोकस करता यावा म्हणून ते उघडं राहतं. बटण दाबल्यावर उलटी वरात निघते. आधी लेन्सचं शटर मिटतं, डायफ्रॅम तुम्ही लावलेल्या आकड्यापर्यंत आवळला जातो, आरसा वर जातो, बॉडीच्या मागच्या अंगाची दोन झापडं उघडतात, आणि मग कुठे लेन्सचं शटर उघडून मिटतं. हे सगळं त्या एका ‘ठप्प’मध्ये मावतं. आता बटण सोडलं की मागची झापडं मिटतात. आरसा मात्र वरच राहतो, हँडल फिरवेपर्यंत.

एवढं डोक्यात बसलं तर निम्म्या तक्रारी आपोआप गळतात. फोटो काढल्यावर व्ह्यूफाइंडर काळा पडला, ही तक्रार नाहीच. हँडल फिरवा, उजेड येईल. आजकालच्या कॅमेऱ्यांत आरसा लगेच परत येतो, याच्यात येत नाही, इतकंच.

दुसरी गोष्ट त्याच्याहून महत्त्वाची आहे आणि ती बरेच जण रोल धुवून आल्यावर शिकतात. अर्धा सेकंद, एक सेकंद किंवा बी वर फोटो काढताना बटण शेवटपर्यंत दाबून ठेवायचं. बोट लवकर उचललं तर लेन्स उघडी असतानाच मागची झापडं मिटतात आणि एक्सपोजर अर्धवट राहतं. स्टँडवर कॅमेरा लावून, केबल रिलीजनं, पूर्ण काळजी घेऊन काढलेली फ्रेम अंधारी आली की लोक शटरला दोष देतात. शटरनं आपलं काम चोख केलेलं असतं. केबल रिलीजचा दट्ट्याही तसाच धरून ठेवायला हवा.

आता बटण दाबलंच जात नसेल तर काय बघायचं, आणि कोणत्या क्रमानं? माझा क्रम ठरलेला आहे.

सगळ्यात आधी डार्क स्लाइड. मॅगझिनच्या बाजूनं आत सरकवलेली ही स्टीलची पातळ पट्टी आत असेल तर कॅमेरा फोटो काढूच देत नाही. तुमचीच सोय म्हणून ती अडवणूक आहे. बाहेर काढा, खिशात ठेवा. मांडीवर ठेवू नका, उठताना ती पडते आणि एकदा वाकलेली स्लाइड मॅगझिनच्या फटीची वाट लावते. मग हँडल : ते पूर्ण फिरलंय का? अर्धवट थांबलं असेल तर तिथूनच पुढे, अडेपर्यंत न्या. तिसरं, बटणाभोवतीची छोटी खिट्टी. ती टी कडे सरकलेली असेल तर बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकून राहतं. कॅमेरा पिशवीत टाकताना-काढताना ती सहज हलते. आणि शेवटचं, रोल संपला आहे का? बारा फोटो झाले की मॅगझिन पुढचा फोटो नाकारतं. उरलेला कागद मॅगझिनच्या हँडलनं गुंडाळून घ्या आणि नवा रोल भरा. ही चारही कारणं तपासून झाली तरी बटण हलत नसेल, तर मगच काळजीचं कारण.

बॉडीवर आरसा आधीच वर करण्याची एक वेगळी खिट्टी आहे. स्टँडवरच्या संथ फोटोंना ती फार कामाची, कारण आरशाचा हादरा आधीच होऊन जातो. पण ती दाबली की लेन्सचं शटरही मिटलेलं असतं आणि कॅमेरा अर्ध्या वाटेत उभा असतो. त्या अवस्थेत लेन्स काढायचा विचार करू नका. आधी फोटो घ्या, हँडल फिरवा, मग पुढचं.

इथून आपण खऱ्या ‘जाम’कडे येतो.

लेन्सच्या मागे बघा. काचेच्या बाजूला, कडेला एक खाच असलेलं लहान गोल टोक दिसेल. बॉडीच्या आत तसंच त्या खाचेत बसणारं दांडीचं टोक आहे. हँडलचा फेरा बॉडीतून लेन्सच्या शटरपर्यंत पोचतो तो याच दांडीतून. शटर ताणलेलं असताना लेन्सवरची खाच तिच्या शेजारच्या खुणेशी जुळते, बॉडीतलं टोकही आपल्या खुणेशी जुळतं, आणि लेन्स सुखानं बसते किंवा निघते. शटर सुटलेलं असेल तर दोन्ही टोकं वाकड्या कोनात असतात. म्हणून एकच नियम पाठ करा : लेन्स लावताना आणि काढताना बॉडीही ताणलेली हवी आणि लेन्सही. लेन्स फिरत नाही असं वाटलं तर पकड आवळू नका. आधी हँडल फिरवा. नव्याण्णव टक्के वेळा लेन्स लगेच निघते.

सुटी लेन्स हातात घेऊन मुलं खेळतात, किंवा दुकानदार शटर दाखवायला ती सोडतो, आणि मग ती ताणलेल्या बॉडीवर बसत नाही. याचा उपाय सोपा आहे. खाचेत बसेल असं नाणं किंवा रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि मागून बघत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं खाच फिरवा. जवळजवळ पूर्ण फेरा होतो, टिक आवाज येतो आणि ती तिथे थांबते. खूण जुळली की झालं. फिरवताना अंगठा मागच्या काचेवर टेकणार नाही असा धरा. खाच सोडताना ती उलटी पळत असेल तर शेवटचा टिक झालेला नाही, पुन्हा फिरवा.

अवघड प्रसंग येतो तो लेन्स बॉडीवरच असताना दोघांचं बिनसलं तर. बॉडी म्हणते मी ताणलेली, लेन्स म्हणते मी सुटलेली, आणि दोन्ही एकमेकांत अडकून. हा प्रकार सगळ्यात जास्त होतो एक्स्टेन्शन ट्यूब वापरणाऱ्यांकडे. जवळून फुलं, दागिने, कीटक टिपायला लेन्स आणि बॉडीच्या मध्ये ही नळी बसवतात. तिच्यातही तशीच दांडी आहे, म्हणजे आता जुळायला हवीत अशी आणखी दोन टोकं वाढली. लावताना आधी नळी बॉडीवर, मग लेन्स नळीवर. काढताना बरोबर उलट : आधी लेन्स नळीवरून, मग नळी बॉडीवरून. लेन्स आणि नळी एकत्र धरून एकदम काढली की नळीतली दांडी सुटी होते, तिच्या जोरावर लेन्सचं शटर सुटतं आणि पुढच्या वेळी काहीच कशाशी जुळत नाही.

अशा अडकलेल्या कॅमेऱ्यासाठी एक उपाय बऱ्याच हौशी मंडळींना माहीत असतो. मॅगझिन काढायचं, मागच्या झापडांमधून लांब, बारीक दांड्याचा स्क्रूड्रायव्हर आत घालायचा, दांडीच्या टोकाची खाच शोधायची आणि ती फिरवून लेन्सचं शटर पुन्हा ताणायचं. उपाय खरा आहे, दुरुस्ती करणारेही तेच करतात. पण ते काम तुम्ही करावं की नाही, यावर माझं मत स्पष्ट आहे : करू नका. आत झापडांच्या पातळ पट्ट्या, आरशाची चौकट आणि लेन्सची मागची काच, सगळं हाताच्या बोटाएवढ्या अंतरात आहे. स्क्रूड्रायव्हर एकदा घसरला तर लेन्सच्या मागच्या काचेवर ओरखडा उमटतो, आणि मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्यापेक्षा जास्त त्रास देतो. कारागिराचं हे थोड्या वेळाचं काम आहे. त्याची मजुरी द्या आणि चहा पीत बसा.

मॅगझिनकडे येऊ. दुरुस्तीवाल्याकडे जाणाऱ्या तक्रारी लेन्सच्या असोत वा बॉडीच्या, वाया गेलेले रोल मात्र बहुतेक मॅगझिनच्या खात्यात जमा होतात.

आपण १२० चा रोल वापरतो. कोडॅकनं तो १९०१ मध्ये आणला आणि अजून त्याचा घाट तोच आहे : सहा सेंटिमीटरच्या आसपास रुंद फिल्म, कडेला छिद्रं नाहीत, पाठीला कागद. ए १२ मॅगझिनमधला आतला भाग चावी फिरवून बाहेर ओढा. रिकामी स्पूल गुंडाळणाऱ्या बाजूला, नवा रोल दुसऱ्या बाजूला. कागदाचं टोक ओढून दाबपट्टीवरून न्या, कडेच्या धातूच्या पट्टीखाली नीट सरकवा आणि रिकाम्या स्पूलच्या फटीत घाला. कागदाची काळी बाजू बाहेर दिसली पाहिजे. रंगीत, छापील बाजू बाहेर दिसत असेल तर फिल्म उलटी भरली आहे आणि बाराही फोटो कागदावर पडतील. मग स्पूल हातानं फिरवत राहा. कागदावर दोन टोकांचा मोठा बाण येतो, तो आतल्या भागावरच्या लाल खुणेसमोर आणा आणि थांबा. बाण थोडा पुढे गेला तरी चालेल असं समजू नका. पहिल्या फ्रेमची जागा त्यावरच ठरते.

आतला भाग मॅगझिनमध्ये सारा, चावीनं कुलूप लावा, आणि बाजूचं हँडल पुढे फिरवा. साधारण दहा फेरे होतात आणि हँडल स्वतःहून थांबतं. मग ते उलटं फिरवून बसवा. खिडकीत १ दिसायला हवा. दोन-चार फेऱ्यांतच हँडल थांबलं किंवा पंधरा फेरे झाले तरी थांबत नाही, तर आत काहीतरी चुकलंय. असा रोल पुढे रेटण्यापेक्षा सावलीत जाऊन उघडा. फार तर सुरुवातीचा कागद आणि एखादी फ्रेम जाईल.

हे सगळं सावलीत करा. भर उन्हात सावली नसेल तर स्वतःची पाठ सूर्याकडे करा. रोलचं शेवटचं चिकटवायचं टोक ताणून चिकटवा. ढिला गुंडाळलेला रोल कडेनं उजेड पितो.

सेकंडहँड मॅगझिन घेताना एक गोष्ट नक्की बघा. बाहेरच्या पेटीवर आणि आतल्या भागावर क्रमांक असतात. त्यांचे शेवटचे आकडे जुळले पाहिजेत. कारखान्यात त्या दोघांची जोडी लावलेली असते. दोन मॅगझिनांचे भाग अदलाबदल झालेले असले की फ्रेममधलं अंतर कमीजास्त होण्याची किंवा उजेड शिरण्याची शक्यता वाढते. विकणारा ‘काही फरक पडत नाही’ म्हणेल. त्याला पडत नाही, हे खरंच आहे.

मॅगझिन बॉडीवर लावताना दोन छोट्या खिडक्या शेजारीशेजारी येतात, एक बॉडीची आणि एक मॅगझिनची. पांढरा म्हणजे तयार, लाल म्हणजे फोटो काढून झालेला. दोन्ही पांढऱ्या असतील तर फोटो काढा. दोन्ही लाल असतील तर हँडल फिरवा, दोन्ही एकदम तयार होतील. घोटाळा होतो रंग वेगवेगळे असताना. बॉडी पांढरी आणि मॅगझिन लाल असेल, तर बटण दाबल्यावर आधीच्याच फ्रेमवर दुसरा फोटो पडतो. बॉडी लाल आणि मॅगझिन पांढरं असेल, तर हँडल फिरवल्यावर एक कोरी फ्रेम वाया जाते. मध्येच कृष्णधवलवरून रंगीत रोलवर जाणं ही या कॅमेऱ्याची मोठी मौज आहे, पण ती या दोन खिडक्या बघूनच करावी. मॅगझिन काढायच्या आधी बॉडी वाइंड करून ठेवायची सवय लावली तर रंग कायम जुळतात.

डार्क स्लाइड आत घालताना तिची पूर्ण कड एकदम फटीत गेली पाहिजे. एक कोपरा आधी घुसवला की फटीतलं सील त्या जागी उघडं पडतं आणि तेवढ्यात उजेड आत जातो. सील म्हणजे पातळ पट्टी आणि तिच्यामागचा स्पंज. हा स्पंज वर्षानुवर्षं दबून मरतो, आपल्याकडच्या दमट हवेत चिकटही होतो. ते बदलणं अवघड नाही आणि महागही नाही.

धुतलेल्या निगेटिव्हवर उजेडाचा डाग दिसला तर तो कुठवर पसरला आहे ते बघा, गुन्हेगार सापडतो. डाग फक्त फ्रेमच्या आत असेल, दरवेळी त्याच कडेनं येत असेल, तर तो फिल्मच्या पुढच्या बाजूनं आला आहे. म्हणजे स्लाइडचं सील, नाहीतर बॉडीची झापडं. डाग फ्रेमबाहेर, फिल्मच्या मोकळ्या कडांवरही गेला असेल, तर उजेड मॅगझिनच्या आत शिरला किंवा रोल ढिला होता. दुरुस्तीवाल्याला मोबाइलमधल्या फोटोऐवजी निगेटिव्हची पट्टीच दाखवा. स्कॅन करताना दुकानवाले कडा कापून टाकतात आणि पुरावाच जातो.

फ्रेम एकमेकींवर चढत असतील तर बॉडीला हात लावू नका, अंतर राखण्याचं काम मॅगझिनचं आहे.

इथे या कॅमेऱ्याचा मोठा फायदा सांगायला हवा. तीन भाग सुटे असल्यामुळे दोष कुणाचा हे बदलून बदलून ओळखता येतं. मित्राकडून एक मॅगझिन आणा. दोष मॅगझिनबरोबर गेला का, की बॉडीबरोबर राहिला? लेन्स बदलून तेच करा. तापाचं निदान करताना डॉक्टर एकाच वेळी तीन औषधं बदलत नाहीत, तसंच इथेही एका वेळी एकच भाग बदलायचा. दोन भाग एकदम बदलले आणि दोष गेला, तर काय कळलं? काहीच नाही.

मॅगझिन काढल्यावर कॅमेरा रोलशिवाय चालतो आणि मागून आरपार बघता येतं. कुठलाही रोल भरण्याआधी ही पाच मिनिटांची तपासणी करून टाका. डायफ्रॅम पूर्ण उघडा, कॅमेरा खिडकीकडे धरा, मागून एक डोळा लावा आणि एक सेकंदावर बटण दाबून धरा. उजेडाचं पूर्ण वर्तुळ दिसायला हवं, आणि सेकंदभराची घरघर एकसारखी ऐकू यायला हवी. घरघर मध्येच अडखळत असेल किंवा सेकंदाचे दोन सेकंद होत असतील, तर शटरमधलं जुनं वंगण घट्ट झालंय. वर्षानुवर्षं न वापरलेल्या लेन्समध्ये हे होतंच. पाच-दहा वेळा चालवून सुधारत असेल तरी ती तात्पुरती सुधारणा समजा. नंतर बटण सोडा आणि झापडं बघा. दोन्ही एकदम, पूर्ण मिटली पाहिजेत. खालचं झापड रेंगाळत असेल तर प्रत्येक फोटोवर उजेडाचा डाग पडणार.

घट्ट झालेल्या शटरवर शिलाई मशिनचं तेल सोडणारे लोक अजून आहेत. शटरची पाती कोरडी चालावी अशीच केलेली असतात. तेल एका पात्यावरून दुसऱ्यावर पसरतं, पाती एकमेकांना चिकटतात, आणि जे काम सफाईनं भागलं असतं त्याला पूर्ण शटर खोलावं लागतं. गंज सोडवायचे स्प्रे तर कॅमेऱ्याच्या खोलीतही आणू नका.

जुन्या सी मालिकेच्या लेन्सवर एक लहान खिट्टी असते, तिच्यावर व्ही, एक्स आणि एम अशी तीन अक्षरं. ती कायम एक्स वर ठेवा. एम जुन्या एकदाच जळणाऱ्या फ्लॅश बल्बसाठी होतं. ते बल्ब पूर्ण पेटायला क्षणभर वेळ घ्यायचे म्हणून शटर थोडं उशिरा उघडायचं. आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तोवर लखलखून विझलेलाही असतो आणि फ्रेम अंधारी येते. व्ही म्हणजे सेल्फ टायमर. पन्नास वर्षं जुन्या टायमरवर विश्वास ठेवू नका, तो मध्येच थांबला तर शटरही तिथेच थांबतं. फोटोत स्वतः यायचं असेल तर लांब केबल रिलीज घ्या.

फ्लॅशची शंका असेल तर तीही मागून बघूनच फिटते. मॅगझिन काढा, डायफ्रॅम उघडा, फ्लॅश पांढऱ्या भिंतीकडे वळवा, १/५०० वर बटण दाबा आणि मागून बघा. खिट्टी एक्स वर असताना लेन्समध्ये पूर्ण पांढरं वर्तुळ चमकतं. आता मुद्दाम एम वर नेऊन दाबा : वर्तुळ काळं, किंवा मध्ये चमकलेला लहानसा तारा. हा फरक एकदा डोळ्यानं पाहिला की खिट्टी कुठे आहे हे बघायची आठवण करून द्यावी लागत नाही. शटर लेन्समध्ये असल्यानं या कॅमेऱ्यात १/५०० पर्यंत कुठल्याही वेगाला फ्लॅश चालतो. भर दुपारी बाहेर पोर्ट्रेट काढणाऱ्यांना याचं मोल कळतं. फ्लॅश मुळीच पेटत नसेल तर आधी लेन्सवरच्या गोल सॉकेटमधली वायर बघा. ती ढिली असते, आणि बिचाऱ्या फ्लॅशच्या बॅटऱ्या उगाच बदलल्या जातात.

कॅमेरा ठेवताना शटर ताणलेलं ठेवावं की सुटलेलं, यावर हौशी मंडळींत वर्षानुवर्षं वाद चालू आहे. माझ्या मते त्यात वेळ घालवू नये. लेन्स ताणलेलीच काढावी लागते, त्यामुळे सुट्या लेन्स कपाटात आणि दुकानात ताणलेल्याच पडून असतात. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून सगळ्या वेगांवर चालवणं जास्त महत्त्वाचं.

खरा शत्रू आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर मुंबई, कोकण, गोव्यात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात, पुढे ती काचेवरचं कोटिंग खाते आणि मग साफ केली तरी डाग राहतो. चामड्याच्या मूळ केसमध्ये कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहिला की पुरे. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरून ठेवायचा घरगुती सल्ला ऐकू नका, तांदळाची पिठी फोकसिंगच्या आट्यांत जाऊन बसते. फ्रिजमधला रोल काढल्यावर वेष्टन लगेच फोडू नका. बाहेर तासभर तसाच राहू द्या, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

प्रवासात रोल नेहमी हातातल्या सामानात. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगांची तपासणी जास्त तीव्र किरणांनी होते आणि न धुतलेली फिल्म त्यात धुरकटते. हातातल्या सामानासाठीही आता काही विमानतळांवर सीटी स्कॅनर आले आहेत, तेही फिल्मला घातक. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवा आणि हातानं तपासायची विनंती करा. प्रत्येक ठिकाणी मान्य होईलच असं नाही. मॅगझिनमध्ये अर्धा रोल असेल तर तो निघण्याआधी संपवून टाका, नाहीतर आत काय आहे हे दाखवण्यासाठी मॅगझिन उघडायला सांगितलं तर पंचाईत.

आणि कारागिराकडे जायची वेळ आलीच तर. ‘चालत नाही’ एवढंच सांगून कॅमेरा ठेवून येऊ नका. लेन्स, बॉडी आणि मॅगझिन तिन्ही न्या, दोष एकाचाच वाटला तरी, कारण जुळणीचा दोष तिघांना एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही. कागदावर लिहून द्या : अडला तेव्हा शेवटची कृती कोणती होती, खिडक्यांचे रंग कोणते होते, स्लाइड आत होती की बाहेर. पावतीवर तिन्ही भागांचे क्रमांक लिहून घ्या, मॅगझिनच्या आतल्या भागाचा क्रमांकही वेगळा. परत घेताना दुकानातच मागून बघून एक सेकंद आणि १/५०० चालवून पाहा, लेन्स दोनदा काढून लावा, आणि पहिला रोल लग्नाला किंवा सहलीला न वापरता गच्चीवर, वेगवेगळ्या वेगांवर, प्रत्येक फ्रेमची नोंद ठेवत संपवा. तो धुवून येईपर्यंत दुरुस्ती पूर्ण झाली असं समजू नका.